नॉटिकल नाना

बुऱ्हाणपूरला बदली होऊन आलो, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. लालबागला, म्हणजे इथल्या रेल्वे स्टेशनाबाहेर, गावात जाणाऱ्या रिक्षात बसलो होतो. इथली रिक्षा सहा माणसं भरल्याशिवाय हलत नाही. पाच भरली होती. समोर एक गृहस्थ होते. पांढरा सदरा, खिशाला ओळीनं तीन पेनं, मांडीवर शाळकरी मुलाचा असावा तसा जुना नकाशासंग्रह. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं,

"साहेब, गाव कुठलं?"

"अमरावती."

यावर माणसं "हो का, आमचे साडू असतात तिकडे" असं काहीतरी म्हणतात. या गृहस्थांनी डोळे मिटले. ओठ हलू लागले. मला वाटलं, संध्याकाळची वेळ आहे, देवाचं नाव घेत असतील.

"बेलोऱ्याची धावपट्टी धरू," डोळे उघडून ते म्हणाले. "जळगाव विमानतळापासून २१८ किलोमीटर. हवेत २६ मिनिटं. चाकापासून चाकापर्यंत ४६."

मला भुसावळला गाडी बदलून बडनेऱ्याला उतरायची सवय. मी हरखून विचारलं, "विमान आहे?"

"नाही. पण असतं तर."

सहावं गिऱ्हाईक यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी अमरावतीला पोचून बाहेरही पडलो असतो, हे नानांनी मला दोनदा सांगितलं. रिक्षा अजून स्टेशनाच्या आवारातच होती.

गावात त्यांना नॉटिकल नाना म्हणतात. कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पोरानं 'नॉटिकल मैल म्हणजे काय हो' असं विचारलं आणि नानांनी वरणभातापासून ताकापर्यंत तेच सांगितलं. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातला एक. मांडे वाढणारा तीनदा येऊन परत गेला. बुऱ्हाणपूरचा मांडा म्हणजे पसरला तर सतरंजी. तोही नानांच्या पानात थंड झाला. तेव्हापासून नाव पडलं. राजपुऱ्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी त्याचं 'नाटकल' झालं आणि पुढच्या पिढीत 'नाटकी'. नानांची हरकत नाही. नाव कसंही घ्या, अंतर चुकवू नका.

नाना पटवारी होते. महाराष्ट्रात ज्याला तलाठी म्हणतात तो आमच्याकडे पटवारी. तिकडचा सातबारा, इकडचा खसरा. बत्तीस वर्षं त्यांनी तापीकाठची केळीची आणि कपाशीची वावरं जरिबेनं मोजली. जरीब म्हणजे लोखंडी साखळी: ६६ फूट लांब, शंभर कड्यांची, दर दहा कड्यांवर पितळेचा बिल्ला. अशा ऐंशी जरिबा म्हणजे एक मैल. दोन भावांच्या मधल्या बांधावर ती ताणून धरायची आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, ही नोकरी. नाना सांगतात की जमिनीवरचं कुठलंच माप भांडणाशिवाय कागदावर येत नाही. बांध सरकतो, नाला पात्र बदलतो, खुणेची बाभूळ रात्रीतून तोडली जाते. हवेत मात्र कुणी कुणाचा बांध कोरत नाही. म्हणून पेन्शनचा कागद हातात पडला त्या दिवशी नानांनी जमीन सोडली ती कायमची.

साखळी अजून घरात आहे, खुंटीवर, देवघराशेजारी. नानांच्या हिशोबात सगळं आधी जरिबेत येतं. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण, १७ डिसेंबर १९०३: बारा सेकंद, १२० फूट. "म्हणजे दोन जरिबासुद्धा नाही!" नाना म्हणतात. "एवढ्यावरून आमच्याकडे भावाभावांत डोकी फुटतात, आणि तिकडे त्याचा इतिहास झाला." जुने खलाशी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून ती पाण्यात सोडत आणि किती गाठी सुटल्या यावरून गलबताचा वेग ठरवत. विमानाचा वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींत मोजतात तो त्यामुळे. हे कळलं तेव्हा नानांना फार बरं वाटलं होतं. "त्यांची गाठ, आमची कडी. शेवटी तेही पटवारीच, पाण्यातले."

नातवंडांच्या मोबाइलमध्ये बोट दाबून सरळ अंतर काढता येतं, हे नानांना ठाऊक आहे. ते ताळा करण्यापुरतं. मूळ काम नकाशासंग्रह, दोरा आणि कर्कटक यांवर. दोरा यंत्रमागाचा, या गावात त्याला तोटा नाही. त्यातून पृथ्वी गोल आहे हे त्यांच्या मनाला सारखं टोचत असतं. सपाट कागदावर जी रेघ सरळ दिसते ती गोलावर सगळ्यांत जवळची नसते, लांबच्या पल्ल्याची विमानं म्हणून तर नकाशात कमान घेऊन जाताना दिसतात, हे पटवून द्यायला त्यांना गोल वस्तू लागते. उन्हाळ्यात शनवाऱ्याच्या वेशीपाशी टरबुजांच्या हातगाड्या उभ्या राहतात. नाना त्यातलं एक चांगलं गरगरीत उचलतात, देठाला उत्तर ध्रुव ठरवतात आणि त्यावर दोरा ताणून उभे राहतात. भोवती चार पोरं जमतात. गाडीवाला एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, "नाना, तुमच्या पाया पडतो. दोरा गुंडाळलेलं फळ गिऱ्हाईक घेत नाही. लोकांना उतारा वाटतो."

वेळेचं सूत्र नानांनी स्वतः बसवलेलं आहे: भागिले पाचशे, गुणिले साठ, अधिक वीस. पाचशे का, तर छोट्या गावांना येतं ते विमान म्हणजे दोन पंख्यांचं एटीआर, सत्तरेक माणसांचं, ताशी साधारण पाचशे किलोमीटर धावणारं. जेट याहून बरंच वेगवान. पण दोन-अडीचशे किलोमीटरच्या पल्ल्यात ते वर जाऊन जरा स्थिरावतंय तोच उतरायची वेळ येते. शनवाऱ्याहून इतवाऱ्याला जायला घोडा जुंपत नाहीत, हे नानांचं त्यावरचं मत. आणि वरची वीस मिनिटं? त्यातली दहा चढण्या-उतरण्यातली कसर, पाच जमिनीवर रांगायची आणि पाच वैमानिकाच्या मर्जीची. विमानाचा वेळ चाक हललं तिथपासून चाक थांबलं तिथपर्यंत मोजायचा, मधला नुसता हवेतला नाही, यावर ते जिवाच्या आकांतानं भांडतात. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीहून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा सकाळी सातला पेढे घेऊन माझ्या दारात हजर. मी त्या विमानात बसलो नव्हतो, बसणारही नव्हतो. पण बेलोऱ्याला आता 'धावपट्टी' म्हणायचं नाही, 'विमानतळ' म्हणायचं, ही दुरुस्ती त्यांना माझ्या समक्ष करायची होती.

त्यांच्या घरात मोजण्याचं दुसरं एक मापही चालतं, आणि ते जास्त जुनं आहे. माई, म्हणजे नानांची पत्नी, अंतर दशम्यांत मोजतात. भुसावळ अर्धी दशमी. खंडवा एक. इंदूर चार आणि शेंगदाण्याची चटणी, कारण भेरूघाटात वाहनं अडकली की भूक लागते. पुणं सहा, शिवाय काहीतरी गोड. नानांचं गणित बरोबर असूनही माणूस वेळेवर पोचत नाही. माईंचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही; गाडीचा उशीर त्यात आधीच मळलेला असतो.

बुऱ्हाणपूरची अडचण अशी की ते कुठूनच जवळ नाही. प्रवासी विमान इथे येत नाही. राज्यातलं विमान गाठायचं तर इंदूर, म्हणजे आधी सातपुडा, मग नर्मदा, मग घाट. जवळचं गाठायचं तर जळगाव, म्हणजे इच्छापूरची सीमा ओलांडून परराज्य. नानांनी जळगाव आपलं मानलं. मार्च २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते तिथल्या विमानतळाचं उद्‌घाटन झालं, तेव्हापासून नाना वाट पाहत होते. २०१६ च्या ऑक्टोबरात सरकारनं 'उडान' योजना आणली. साधारण पाचशे किलोमीटर, तासाभराच्या प्रवासाला विमानातल्या काही जागांपुरती अडीच हजार रुपयांची मर्यादा. नानांनी लगेच भागाकार केला: किलोमीटरला पाच रुपये. ते आनंदाच्या भरात लालबागच्या रिक्षावाल्याला म्हणाले, "तुझी रिक्षा यापेक्षा महाग आहे!"

रिक्षावाला तंबाखू मळत होता. "तो नाना, कल से जहाज में ही आया करो."

२३ डिसेंबर २०१७ ला जळगावहून मुंबईला पहिलं विमान निघालं, एकोणीस जागांचं, खेळण्यासारखं. नाना पाहायला गेले होते. आत बसायला नाही, कुंपणाबाहेरून पाहायला. दोन दशम्या बरोबर होत्या. विमान धावपट्टीवरून सुटल्यापासून आकाशात ठिपका होऊन विरेपर्यंतचा वेळ त्यांनी वहीत लिहून आणला. पुढे ती सेवा थांबली. २०१९ मध्ये दुसरी आली, मोठ्या विमानाची. काही वर्षांनी तीही थांबली. २०२४ मध्ये पुन्हा नवी. गावोगावच्या नाटक कंपन्या याव्यात, मुक्काम टाकावा आणि एक दिवस तंबू उठवावा तसं. नाना प्रत्येक वेळी पहिल्या रांगेत.

या माणसाचा खरा जाच इतिहासाच्या बाबतीत होतो. बुऱ्हाणपूर हे इतिहासानं गच्च भरलेलं गाव, आणि नानांना त्यातला प्रत्येक माणूस उशिरा पोचलेला दिसतो. इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या ऑक्टोबरअखेर सुरतेहून निघाला आणि नोव्हेंबरच्या मध्यावर इथे शहजादा परवेझच्या दरबारात उभा राहिला. "पंधरा दिवस! सुरत ते जळगाव ३०० किलोमीटर, ५६ मिनिटं." जळगावहून पुढे कसा आला असता, असं मी विचारलं. "पुढे त्यालाही पॅसेंजरच," नाना म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही.

मुमताजमहल जून १६३१ मध्ये इथे वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिला तात्पुरतं दफन केलं, डिसेंबरात शव आग्र्याकडे निघालं आणि जानेवारीत पोचलं. जीव गेला आमच्याकडे आणि ताजमहाल झाला त्यांच्याकडे, ही या गावाची चारशे वर्षांची ठसठस. कुठल्याही पानठेल्यावर विषय काढा, माणसं हळहळतील. नाना हळहळत नाहीत. एकदा आहुखान्यात पर्यटकांचा एक घोळका उभा होता. वाटाड्या आवाज खाली आणून सांगत होता, दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला होता. मागून नाना म्हणाले, "बुऱ्हाणपूर ते आग्रा सरळ अंतर ६७५ किलोमीटर. एक तास ४१ मिनिटं. महिना कशाला घालवला?" पदर खाली आले. वाटाड्या अजून त्यांच्याशी बोलत नाही.

पण सगळ्यांत मोठं दुखणं नांदेड. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली बुऱ्हाणपुरात मुक्काम करून पुढे नांदेडला गेले. इथला बडी संगत गुरुद्वारा त्याच आठवणीचा. नानांची धाकटी मुलगीही नांदेडला दिली. जळगाव ते नांदेड सरळ २६५ किलोमीटर, सूत्रानं ५२ मिनिटं, जरिबेत तेरा हजारांच्या वर. नकाशावर ही रेघ नानांनी इतक्या वेळा ओढली आहे की त्या पानाला तिथे भोक पडलंय. विमान नाही. सचखंड एक्सप्रेस आहे, पण ती भुसावळहून मनमाडला जाते आणि तिथून परत वळून संभाजीनगर, परभणी करत नांदेड गाठते. आपण हातानं समोरचा तांब्या घ्यावा तर कोपर आधी भिंतीकडे न्यावं, तसा तो रस्ता. खंडव्याहून मेळघाटातून अकोल्याला जाणारी मीटरगेज होती, ती त्यातल्या त्यात सरळ. २०१७ च्या सुरुवातीला तीही रुंदीकरणासाठी बंद झाली. कुंडी भंडाऱ्याजवळून जाताना नाना हमखास थांबतात. १६१५ मध्ये जमिनीखालून बोगदे खणून सातपुड्याचं पाणी इथवर आणलं. "पाण्याला उतार दिला की येतं. मी काय मागतो? मुलीकडे जायला एक रेघ."

मुलीच्या लग्नाला दहा वर्षं झाली. माई सचखंडनं अकरा वेळा नांदेडला जाऊन आल्या. नाना दोनदा. थेट विमानाची वाट पाहत होते.

त्यांचं देवस्थान मात्र फार दूर आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत; त्यांतल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून विमान जातं. अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटं. वारा पाठीशी असला तर एका मिनिटाच्याही आत, विक्रम ५३ सेकंदांचा. नेमानं चालणारी जगातली सगळ्यांत छोटी विमानफेरी. "लालबाग ते शनवारा!" असं म्हणताना नानांचा आवाज कापतो. मी खोडसाळपणानं म्हटलं, "पण नाना, तुमच्या सूत्रानं त्याला वीस मिनिटं यायला हवीत. अधिक वीस." नाना चार दिवस माझ्याकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि दारातूनच म्हणाले, "तिथलं विमान दहा माणसांच्या आतलं आहे. त्याला सूत्र लागू नाही." आणि निघून गेले.

मग २०२४ आलं आणि नानांवर संकट कोसळलं. जावयाची बदली पुण्याला झाली, त्याच वर्षी जळगावहून पुण्याचं विमान सुरू झालं, आणि मुलीला मुलगा झाला. बारशाचं आमंत्रण आलं. जळगाव ते पुणे ३१९ किलोमीटर, हवेत ३८ मिनिटं, सूत्रानं ५८. विमान खरोखरच होतं. 'असतं तर' म्हणायची सोय उरली नव्हती.

पंधरा दिवस नाना बेचैन होते. वारा पश्चिमेचा आहे, समोरून लागेल. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची, त्यांची विमानं आधी. एटीआर ढगांत हलतं, माईंना सोसणार नाही. माई दशम्या लाटता लाटता म्हणाल्या, "जावईबापूंनी तिकिटं काढलीत. मला सोसेल. तुमचं बघा."

पुढचं मी पाहिलेलं नाही. नानांची वही वाचली आहे आणि बाकीचं माईंनी सांगितलं.

पहाटे ४:१० ला घर सोडलं, इथपासून वही सुरू होते. भुसावळ, जळगाव स्टेशन, तिथून रिक्षा, विमानतळ. प्रत्येक ठिकाणची वेळ मिनिटासकट. मग दोन ओळी कोऱ्या आहेत. तिथे सामान तपासणाऱ्या जवानानं पिशवीतून कर्कटक बाहेर काढलं होतं.

"अंकल, ये क्या है?"

"कर्कटक."

"किसलिए?"

नानांना हा प्रश्न आयुष्यात कुणी इतक्या आपुलकीनं विचारला नव्हता. त्यांनी सांगायला सुरुवात केली. मागे सतरा माणसं उभी होती. अंशाच्या साठाव्या भागापर्यंत येईतो जवानानं हात जोडले, नकाशासंग्रह परत दिला आणि टोकं असलेलं कर्कटक नियमाप्रमाणे ठेवून घेतलं. दशम्यांना त्यानं हात लावला नाही.

खिडकीची जागा माईंना मिळाली होती. एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खाली काहीच आड येत नाही. नानांच्या मांडीवर वही, डाव्या हातात घड्याळ, उजव्या हातात पेन, उरलेली दोन पेनं राखीव. दार बंद: इतके वाजून इतकी मिनिटं. चाक हललं. वळलं. धावलं. सुटलं. माई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. खाली केळीच्या बागा, कपाशीची रानं, मधून बांधांच्या बारीक रेघा, एका विहिरीचा काळा ठिपका.

"अहो! अहो, तुमचा नकाशा बघा! अगदी तस्सा, खसरा नंबर तेवढे नाहीत!"

"थांब. चाकं आत गेली का ते बघू दे."

बत्तीस वर्षं ज्यानं ती वावरं पायाखाली घातली, त्यानं ती वरून पाहिली नाहीत. वहीत तिथे लिहिलंय: 'चाके आत. ध्वनीवरून.'

पुढे डोंगर आले, ते अजिंठ्याचे असावेत असं माईंना वाटलं. एक मोठी नदी आली. ती गोदावरी असो नसो, माईंनी हात जोडले. मग ढगांत विमान दोनदा हललं. पलीकडचा तरुण मुलगा दांडी घट्ट धरून बसला होता. माईंनी त्याला दशमी दिली. नाना लिहीत होते. पुण्याला चाकं टेकली, विमान रांगत रांगत जागेवर आलं, थांबलं, आणि नाना पट्टा सोडून ताडकन उभे राहिले.

"अठ्ठावन्न!"

तिकिटावर छापलेल्या वेळेपेक्षा कमी, सूत्रापेक्षा एक मिनिट इकडेतिकडे नाही. सगळ्या विमानानं मान वळवून पाहिलं. पुढच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, "काका, इतक्या मागे रांगा नाहीत हो. तुमचा नंबर नीट बघा."

लोहगाव ते कोथरूड सरळ अंतर साडेचौदा किलोमीटर. टॅक्सीला लागले एक तास २५ मिनिटं. वहीत या ओळीखाली तीन रेघा आहेत. नातवाच्या पाळण्याशी पोचले तेव्हा दुपारचे १:५० झाले होते. म्हणजे घर ते पाळणा नऊ तास ४० मिनिटं, त्यातलं विमान अठ्ठावन्न मिनिटांचं. माईंनी डबा उघडला. सहाही दशम्या संपल्या होत्या.

"झेलम एक्सप्रेसनं एवढ्याच वेळात आलो असतो," त्या म्हणाल्या. "तेही झोपून."

परत येताना झेलमनंच आले. नाना मनमाडपासून झोपले, ते थेट बुऱ्हाणपूरला माईंनी हलवल्यावर उठले. गाडीला किती उशीर झाला होता, याची वहीत नोंद नाही.

गावात आल्यावर शनवाऱ्याला चहाच्या टपरीवर सगळ्यांनी त्यांना घेरलं. टरबूजवाला होता, लालबागचा रिक्षावाला होता, मी होतो. कुणीतरी विचारलं, "नाना, वरून कसं दिसतं हो?"

"चाक हललं तिथपासून..."

"ते नाही. दिसतं कसं?"

नानांनी वही उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग मागे जाऊन पहिलं पाहिलं. बराच वेळ गेला. चहा निवला.

"घरी या," ते म्हणाले. "माई सांगतील."

त्या रात्री मी गेलो तेव्हा माई तांदूळ निवडत होत्या आणि नाना समोर वही घेऊन पाटावर बसले होते, पटवारी शेतकऱ्याची साक्ष नोंदवतो तसे. पानावर उजवीकडे नवा रकाना आखला होता.

"गोदावरी कितव्या मिनिटाला आली?"

"त्या पोराला दशमी दिली ना, त्याच्या थोडं आधी."

नानांनी पेन खाली ठेवलं, विचार केला, परत उचललं आणि ते तसंच लिहिलं.

बुऱ्हाणपूरला आलात तर आहुखाना बघा, कुंडी भंडाऱ्यात उतरा, मावा जिलबी गरम असताना खा. लालबागला रिक्षात बसाल तेव्हा समोर तीन पेनांचे एक गृहस्थ असतील आणि ते तुमचं गाव विचारतील. खुशाल सांगा, सहावं गिऱ्हाईक यायला तसाही वेळ असतो. नांदेडचे असाल, तर मात्र मागच्या रिक्षात बसा.